भग्न भिंती आणि जळालेली माणसे

आपण वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या दर्शनाला जातो आणि ताजमहाल पाहायला जातो. दोन्ही ठिकाणी डोळ्यांचेच काम असते. तरीही मराठी माणूस या दोन क्रियापदांची कधी गल्लत करीत नाही. दर्शनाला जाणाऱ्याला काही मागायचे असते किंवा काही फेडायचे असते, आणि आपण पाहत असताना आपल्याकडेही कोणी पाहत आहे, अशी त्याची श्रद्धा असते. पाहायला जाणारा तिकीट काढतो, छायाचित्र घेतो, ऊन फार झाले म्हणून कुरकुरतो आणि परत येतो. त्याच्याकडे कोणी पाहत नसते आणि त्याला कोणी काही विचारीतही नसते. यात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र काही स्थळे अशी असतात की तेथे केवळ पाहून परतणे पुरेसे आहे का, असा प्रश्न मनात उभा राहतो. जेथे एका माणसाला धर्माच्या नावाने जिवंत जाळले, ती जागा ‘प्रेक्षणीय’ म्हणावी काय? आणि ज्यांनी जाळले ते आपल्याच धर्माचे असतील, तर आपण तेथे कोणत्या नात्याने उभे राहावे?

हा प्रश्न हवेतला राहू नये म्हणून आम्ही एका विशिष्ट गावाचे उदाहरण घेतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी सेंट अँड्र्यूज हे राखाडी दगडांचे छोटे शहर वसले आहे. लंडनला स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारी आपली मंडळी हल्ली स्कॉटलंडची सहलही करून येतात, तेव्हा हे नाव वाचकांना अगदीच अपरिचित नसावे. गावात रेल्वे जात नाही. ती १९६९ साली बंद झाली. ल्यूकर्स स्थानकावर उतरून बसने जावे लागते. मध्ययुगातही तेथे पोहोचणे सोपे नव्हते. पण तेव्हा हे शहर स्कॉटलंडची धार्मिक राजधानी होते आणि लोक जात होते ते दर्शनाला. प्रेषित संत अंद्रियाचे काही पवित्र अवशेष संत रेग्युलस नावाच्या साधूने ग्रीसमधील पात्रास येथून या किनाऱ्यावर आणले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, यात्रेकरू खरे होते. त्यांची सोय व्हावी म्हणून अकराव्या शतकात राणी मार्गारेटने (पुढे ती संतपदाला पोहोचली) फोर्थच्या खाडीवर तरीची व्यवस्था केली; त्या घाटाच्या गावांना आजही क्वीन्सफेरी, म्हणजे राणीची तर, हेच नाव आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास येथे कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले. ते पुरे व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. १३१८ साली त्याचे पवित्रीकरण झाले, तेव्हा राजा रॉबर्ट ब्रूस जातीने हजर होता. सुमारे ११९ मीटर लांबीचे हे मंदिर स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे चर्च होते. १४१३ साली परमगुरूंच्या सनदेने येथील विद्यापीठ अधिकृत झाले. त्या वेळी ख्रिस्तसभेत परमगुरुपदाचे एकाहून अधिक दावेदार होते आणि ही सनद ज्या तेराव्या बेनेडिक्टने दिली त्याला पुढे ख्रिस्तसभेने खरा परमगुरू मानले नाही, ही गंमतही जाता जाता नोंदवून ठेवावी.

आज तेथे जाणाऱ्यांपैकी फार मोठी संख्या गोल्फसाठी जाते. ओल्ड कोर्स हे मैदान त्या खेळाचे माहेरघर मानले जाते. स्विल्कन नावाच्या चिमुकल्या दगडी पुलावर उभे राहून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. आमचे या खेळाशी काही भांडण नाही. उलट रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावकरी आपली मुले नि कुत्री घेऊन त्या हिरवळीवर फिरतात, हे ऐकून आम्हांला आनंदच वाटला. त्याच मैदानापलीकडे वेस्ट सँड्स हा लांबच लांब वाळूचा किनारा आहे. १९८१ सालच्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटाच्या आरंभी पांढऱ्या कपड्यांतील तरुण लाटांच्या कडेने धावतात ते येथेच. त्या चित्रपटाचा एक नायक एरिक लिडेल १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला नकार देणारा. पण आज आमचा विषय मैदान आणि किनारा हा नव्हे. आम्हांला नॉर्थ स्ट्रीटवर जायचे आहे.

या रस्त्यावर सेंट साल्व्हेटरचे प्रार्थनामंदिर आहे. १४५० साली बिशप जेम्स केनेडी यांनी स्थापन केलेल्या विद्यालयाचे हे मंदिर. त्याच्या मनोऱ्याखालच्या प्रवेशद्वारासमोर, पादचाऱ्यांच्या वाटेत, दगडांमध्ये ‘पी’ आणि ‘एच’ ही दोन इंग्रजी अक्षरे बसविलेली आहेत. ती पॅट्रिक हॅमिल्टनची आद्याक्षरे. राजघराण्याशी नाते असलेल्या कुळातला हा तरुण पॅरिसला शिकला, नंतर सेंट अँड्र्यूजला आला आणि पुढे जर्मनीत जाऊन ल्यूथरच्या मतांचा पाईक झाला. परत आल्यावर तो तेच बोलू लागला. आर्चबिशप जेम्स बीटन यांच्या न्यायासनासमोर त्याला पाखंडी ठरविण्यात आले आणि २९ फेब्रुवारी १५२८ रोजी, निकालाच्याच दिवशी, या जागी खांबाला बांधून जाळण्यात आले. वय सुमारे चोवीस. आग नीट पेटेना. दुपारपासून संध्याकाळपर्यंत, जवळजवळ सहा तास, तो जळत होता. हे सांगणारा अलेक्झांडर अलीशियस हा त्याच कॅथेड्रलच्या मठातला कॅथलिक धर्मगुरू. हॅमिल्टनचे मन वळविण्याच्या कामी त्याला नेमले होते. मन वळले ते त्याचेच, आणि पुढे त्याला देश सोडावा लागला.

याच अलीशियसने एक तपशील लिहून ठेवला आहे, तो आमच्या मनातून जात नाही. हॅमिल्टनने नऊ आवाजांची एक मिस्सा संगीतबद्ध केली होती आणि कॅथेड्रलमध्ये गायकवृंदाचा प्रमुख म्हणून ती स्वतः गाऊन घेतली होती. म्हणजे ज्याला जाळले तो परका नव्हता. त्याच वेदीसमोर, त्याच छताखाली, देवदूतांच्या सन्मानार्थ रचलेल्या मिस्सेत त्याचा आवाज घुमला होता.

विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये अशी समजूत आहे की या अक्षरांवर ज्याचा पाय पडेल तो पदवीपरीक्षेत नापास होतो. म्हणून मुले घाईत असली तरी त्या जागेला वळसा घालून जातात. आणि चुकून पाय पडलाच तर १ मे रोजी पहाटे बर्फासारख्या समुद्रात बुडी मारून दोष फेडायचा, असा उतारही सांगितला जातो. अंधश्रद्धा म्हणून हिला कोणी हसेल. आम्हांला मात्र आपल्याकडची रीत आठवते. पुस्तकाला पाय लागला की आपण वाकून हात लावतो आणि कपाळाला नेतो; त्या क्षणी आपण सरस्वतीला मानतो की नाही याचा विचार कोणी करीत नाही. पर्यटक त्या अक्षरांवर उभे राहून मनोऱ्याचे छायाचित्र घेतात. परीक्षेला घाबरणारा विद्यार्थी तेवढा पाय उचलतो. त्याला हॅमिल्टनच्या मतांशी कर्तव्य नाही, पण त्याच्या पायाला ठाऊक आहे की इथे काहीतरी घडले आहे.

तेथून समुद्राकडे वळले की काही मिनिटांत किल्ला येतो. हा बिशपांचा निवास होता. मार्च १५४६ मध्ये याच्यासमोर जॉर्ज विशर्ट या सुधारक उपदेशकाला जाळले. कार्डिनल डेव्हिड बीटन यांच्या आज्ञेने. हे कार्डिनल पूर्वोक्त आर्चबिशपांचे पुतणे. तीन महिने पुरे व्हायच्या आत, २९ मे रोजी, विशर्टचे चाहते आणि कार्डिनलचे राजकीय शत्रू अशा एका टोळीने किल्ल्यात शिरून त्यांचा खून केला आणि प्रेत तटावरून लटकावले. किल्ल्यात खडकात कोरलेली एक अंधारकोठडी आहे, वर अरुंद गळा आणि खाली रुंद पोट, बाटलीसारखी, वीस फुटांहून अधिक खोल. कार्डिनलचे शव त्यात मीठ घालून ठेवले होते असे सांगतात. मारेकरी किल्ला धरून बसले. वेढा घालणाऱ्यांनी खडकातून सुरुंगाची वाट खणली, तेव्हा आतल्यांनी आवाजाचा माग काढीत समोरून दुसरे भुयार खणून त्यांना गाठले. ही दोन्ही भुयारे १८७९ साली पुन्हा सापडली. आज मुले त्यांतून ओणवी होऊन, हसत खिदळत जातात. अखेरीस १५४७ च्या जुलैत फ्रेंच आरमाराने किल्ला घेतला. आतल्या लोकांत जॉन नॉक्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याला साखळदंड घालून फ्रेंच गलबतावर वल्ही मारायला बसविले. एकोणीस महिने त्याने ती गुलामी सोसली.

तोच नॉक्स १५५९ च्या जूनमध्ये परत आला आणि होली ट्रिनिटी या गावच्या चर्चमध्ये त्याने प्रवचन केले. विषय होता प्रभू येशूने केलेले मंदिराचे शुद्धीकरण. त्यानंतर काही दिवसांतच कॅथेड्रलमधील वेद्या आणि मूर्ती फोडण्यात आल्या. संत अंद्रियाचे अवशेषही त्या गदारोळात नाहीसे झाले. पुढच्या वर्षी स्कॉटिश पार्लमेंटने परमगुरूंचा अधिकार संपुष्टात आणला आणि मिस्सा हा गुन्हा ठरविला.

आता आपल्यापैकी कोणी तेथे गेला की काय होते, ते पाहू. तो प्रथम कॅथेड्रलकडे जाणार, हे उघड आहे. पूर्वेकडची उंच भिंत, तिचे दोन निमुळते मनोरे, पश्चिमेकडील दाराचा तुकडा आणि मध्ये नुसती हिरवळ. एका बाजूला सुमारे ३३ मीटर उंचीचा संत रेग्युलसचा जुना मनोरा. त्याला वाईट वाटते. हे आमचे होते आणि त्यांनी ते मोडले, असे तो मनात म्हणतो. नॉर्थ स्ट्रीटवरच्या दोन अक्षरांवरून तो, बहुधा न पाहताच, पुढे जातो. दुसऱ्या पंथाच्या माणसाचे नेमके उलट होते. त्याचे पाय अक्षरांपाशी थबकतात. भग्न भिंती त्याला केवळ सुंदर दिसतात. आणि दोघांच्याही मनात एक खातेवही उघडते: तुम्ही आमचे मंदिर पाडले, तुम्ही आमचे हुतात्मे जाळले, बरोबरी झाली.

ही बरोबरी खोटी आहे असे आमचे मत आहे. पहिले कारण असे की कॅथेड्रल एका प्रवचनाने जमीनदोस्त झाले, ही समजूतच फुगविलेली आहे. फोडले गेले ते आतले सामान. छत आणि भिंती गेल्या त्या दुर्लक्षाने, समुद्रवाऱ्याने आणि गावकऱ्यांच्या सोयीने. अडीचशेहून अधिक वर्षे लोक तेथून घरांसाठी दगड नेत होते. पश्चिमेची बाजू तर तेराव्या शतकात, सारे कॅथलिक असताना, एका वादळानेच पाडली होती. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. भिंत आणि माणूस यांना एकाच तराजूत घालता येत नाही. भिंतीला वेदना नसते. कॅथेड्रल पुन्हा बांधता येते; आपण श्रद्धावंत तर असे मानतो की देवाचे खरे मंदिर जिवंत माणूस आहे. संत पौलाची ही शिकवण मानणाऱ्याने चोवीस वर्षांच्या तरुणाच्या सहा तासांसमोर ११९ मीटर दगड मांडू नयेत. आणि खातेवहीच मांडायची तर खूनासमोर खून मांडावा लागेल: विशर्टसमोर कार्डिनल बीटन, किंवा ग्लासगो येथे १६१५ साली फाशी गेलेले आपले संत जॉन ओगल्व्ही. मग ती वही कोठे संपणार? होली ट्रिनिटी चर्चमध्येच आर्चबिशप जेम्स शार्प यांचे संगमरवरी स्मारक आहे. ते प्रॉटेस्टंट, त्यांना १६७९ साली गावाबाहेर गाडीतून ओढून मारणारेही प्रॉटेस्टंट. आणि त्याचा सूड म्हणून त्याच माळावर ज्या पाच जणांना फासावर चढविले, त्यांचा त्या खुनाशी संबंधच नव्हता.

तेव्हा वही बाजूला ठेवून आम्ही एका साध्या शब्दाकडे वळतो. तो शब्द ‘आमचे’. सेंट अँड्र्यूजच्या साउथ स्ट्रीटवर डोमिनिकन मठाच्या प्रार्थनामंदिराचा एक तुकडा उभा आहे आणि त्याच्या मागे एका शाळेची भव्य इमारत. शाळेचे नाव मद्रास कॉलेज. १८३३ साली ती सुरू झाली आणि २०२१ मध्ये गावाच्या कडेला नव्या वास्तूत गेली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हे नाव कोठून आले? याच गावात १७५३ साली जन्मलेला अँड्र्यू बेल मद्रासला लष्करातील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. एके सकाळी एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असलेली त्याने पाहिली. आपली धुळाक्षरेच ती. त्याने ती रीत उचलली, शिकलेल्या मुलाने न शिकलेल्याला शिकवावे या पद्धतीची तिला जोड दिली, आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंड-स्कॉटलंडभर पसरली. हे वाचताना आमची छाती थोडी फुगली, हे खरे आहे. वास्तविक आम्ही मद्रासचे नव्हेत, त्या मुलांचे कोणी नव्हेत, आणि गोष्ट दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची. तरीही ‘आमची धुळाक्षरे’ हा शब्द तोंडून सहज गेला. जेथे श्रेय असते तेथे ‘आमचे’ म्हणायला कोणालाही वंशावळ लागत नाही.

कॅथेड्रलचेही तसेच आहे. ते आपण बांधले नाही. त्याचा एक दगडही आपल्या पूर्वजांनी उचललेला नाही. ज्या शतकात त्याचे पवित्रीकरण झाले त्या शतकात आपल्यातील बहुतेकांचे पूर्वज ख्रिस्ती नव्हते. तरीही ते ‘आमचे’, कारण ख्रिस्तसभा एक आहे, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. मग नॉर्थ स्ट्रीटवरची आगही आमचीच म्हटली पाहिजे. ज्या नात्याने कॅथेड्रल आपल्याकडे येते त्याच नात्याने ती येते. वारसा घेताना घरही घ्यायचे आणि कर्ज मात्र शेजाऱ्याच्या नावावर टाकायचे, असे चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाप वंशपरंपरेने उतरत नाही. आम्ही न केलेल्या कृत्याची शरम आम्ही का धरावी? प्रश्न रास्त आहे. मार्च २००० मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळाने ‘स्मृती आणि समेट’ या नावाने एक लेख प्रसिद्ध केला, त्यात याचाच ऊहापोह आहे. व्यक्तीचा अपराध तिच्या मृत्यूबरोबर संपतो, तो पुढील पिढीच्या माथी येत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण कृत्याने झालेली जखम मात्र मरत नाही. ती स्मृतीतून वाहत राहते, आणि एकाच ख्रिस्तसभेचे घटक म्हणून आपण तिचे उत्तरदायी आहोत. त्याच महिन्याच्या १२ तारखेला परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, सत्याची सेवा करताना ख्रिस्ती माणसांनी वापरलेल्या हिंसेबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. अपराध आणि उत्तरदायित्व यांतील हा भेद आम्हांला पटतो. वडिलांचे कर्ज फेडणारा मुलगा स्वतःला कर्जबुडव्या समजत नाही. तो स्वतःला मुलगा समजतो.

दुसरा आक्षेप अधिक वेळा ऐकू येतो: तो काळच तसा होता. सर्वच जाळीत होते. आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये. या आक्षेपाला सेंट अँड्र्यूजनेच उत्तर देऊन ठेवले आहे. १५५८ च्या एप्रिलमध्ये वॉल्टर मिल्न नावाच्या एका वृद्ध माणसाला तेथे आणले. एकेकाळचा हा कॅथलिक धर्मगुरू सुधारकांना जाऊन मिळाला होता; वय ब्याऐंशीच्या आसपास. आर्चबिशप होते जॉन हॅमिल्टन. हेच ते, ज्यांनी १५५२ साली गावकऱ्यांचा समुद्रालगतच्या माळावर गोल्फ खेळण्याचा हक्क लेखी मान्य केला होता. आजचे गोल्फप्रेमी त्यांचे नाव आदराने घेतात. मिल्नला पाखंडी ठरविण्यात आले. आणि मग अडचण उभी राहिली. शिक्षा फर्मावायला दिवाणी अधिकारी मिळेना. म्हाताऱ्याला खांबाला बांधण्यासाठी दोर हवा होता, आग भडकविण्यासाठी डांबराचे पिंप हवे होते. गावातल्या एकाही दुकानदाराने ते विकले नाही. पैसे देऊनही दोर मिळाला नाही. शेवटी आर्चबिशपांच्या स्वतःच्या तंबूचे दोर कापून आणावे लागले, असे सांगतात. हे लिहून ठेवणारे प्रॉटेस्टंट इतिहासकार आहेत, तेव्हा कथेत थोडा रंग भरला गेला असेल. पण दोर नाकारल्याची मुख्य गोष्ट कोणाही कॅथलिकाला नाकारावीशी वाटू नये, उलट तिचा अभिमान वाटावा, असे आम्ही म्हणू.

कारण हे दुकानदार कोण होते? १५५८ साली देश अजून कॅथलिक होता. काहींची मने नव्या मताकडे झुकली असतीलही. पण बाप्तिस्मा त्यांचा आपल्याच ख्रिस्तसभेतला, रविवारची मिस्सा आपलीच, आणि आर्चबिशप त्यांचे धर्मपिते. त्यांनी बंड केले नाही, प्रबंध लिहिला नाही. गिऱ्हाईक आले, त्यांनी माल नाही म्हणून सांगितले. काळ तसा होता हे खरे, पण त्याच काळात, त्याच बाजारपेठेत, साध्या व्यापाऱ्यांना कळत होते की ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला जाळायला दोर देणे हे पाप आहे. जे दुकानदाराला कळले ते आर्चबिशपांना कळू नये, याचे खापर काळावर कसे फोडता येईल? वॉल्टर मिल्न हा त्या देशात धर्मसुधारणेसाठी जाळला गेलेला शेवटचा माणूस. आर्चबिशप हॅमिल्टन यांना पुढे १५७१ साली स्टर्लिंग येथे फाशी झाली, ती राजकारणापायी.

आता त्या पर्यटकाविषयी, ज्याला यातले काहीच ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही. त्याच्या तिकिटाला कार्डिनल आणि विशर्ट सारखेच. अशा उदासीनतेची आम्ही निंदा करावी अशी अपेक्षा असेल, तर ती पुरी करणे आम्हांला जड जाते. चारशे वर्षांपूर्वी या गावात कोणीही उदासीन नव्हते, आणि त्याचे फळ आपण पाहिले. भुयारात खिदळणारी मुले ही एका परीने कृपाच म्हटली पाहिजे. परंतु उदासीनतेने भांडण थांबते, समेट होत नाही. ज्याला कधी राग आलाच नाही तो क्षमा कशाची करणार, आणि ज्याने ‘आमचे’ म्हटलेच नाही तो क्षमा कशासाठी मागणार? पर्यटकाला ते शक्य नाही. ते आपल्याला शक्य आहे, कारण आपण तेथे सर्वस्वी परके नाही. १९८२ साली दुसरे जॉन पॉल एडिनबरा येथे गेले, तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रमुखांनी त्यांचे स्वागत केले ते जॉन नॉक्सच्या पुतळ्यापाशी. २०२२ साली दोन्ही चर्चेसनी राणी मार्गारेटच्या नावाने मैत्रीची घोषणा केली. ज्यांना नॉक्सची आठवण आहे त्यांनीच हे केले.

हा विचार स्कॉटलंडपुरता ठेवणे सोयीचे झाले असते. पण सेंट अँड्र्यूजच्या वेद्या फुटल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १५६० साली, गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मध्ये काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. जुन्या गोव्याला आपण दर्शनालाच जातो. बॉम जेझू बॅसिलिका आमची, से कॅथेड्रल आमचे, संत फ्रान्सिस झेवियर आमचे. त्या न्यायालयाचा वाडा से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. आज तो उभा नाही. तेथून चालताना कोणाचा पाय थबकत नाही. वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेल्या चर्चेसमध्ये उभे राहून १७३९ ची आठवण काढणाऱ्या आपल्या बांधवांनी कधी त्या चौकाचीही आठवण काढावी, एवढेच आम्ही सुचवितो. भिंती आमच्या म्हणताना तो चौकही आमचाच निघतो.

सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे व्यावहारिक. आपण कॅथेड्रलपासून सुरुवात करू नये; नॉर्थ स्ट्रीटपासून करावी. अक्षरे पायाखालीच असल्याने चटकन दिसत नाहीत, मनोऱ्याखालच्या दाराशी खाली पाहावे लागते. मग किल्ला, त्यानंतर कॅथेड्रल. कॅथेड्रलच्या आवारात टॉम मॉरिस या तरुण गोल्फपटूची समाधी आहे. चार वेळा विजेतेपद मिळवून तो १८७५ साली, हॅमिल्टनच्याच वयाचा असताना, वारला. त्याच्या समाधीवर लोक गोल्फचे चेंडू वाहतात. रविवारी मिस्सेसाठी समुद्राकाठच्या ‘द स्कोअर्स’ या रस्त्यावर संत जेम्सचे कॅथलिक चर्च आहे, १९१० साली बांधलेले. मिस्सा आटोपल्यावर त्याच रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेले की एकोणिसाव्या शतकात उभारलेला हुतात्म्यांचा उंच स्तंभ लागतो. त्यावर हॅमिल्टन, फॉरेस्ट, विशर्ट आणि मिल्न अशी चार नावे आहेत. दोर न विकणाऱ्या दुकानदारांची नावे त्यावर नाहीत. ती बाजारपेठ तेथून चालण्याच्या अंतरावर असून अजून चालू आहे.